झाकलेली निब

सरळगाव सोडून एसटी टोकावड्याच्या पुढे गेली की आप्पांचा हात आपसूक सदऱ्याच्या खिशाकडे जायचा. पेनची निब वरच्या बाजूला आहे ना, एवढे बघायचे आणि मग खिडकीबाहेर पाहत बसायचे. आम्ही आजोळी, ओतूरला निघालेले असू. समोर माळशेजची चढण. पेन पडेल म्हणून ते चाचपतात असे मला वाटे. त्यांना काळजी पेन पडण्याची नव्हती, आतल्या हवेची होती, हे कळायला फार वर्षे गेली.

आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आधी शहापूर तालुक्यात डोळखांबच्या बाजूला, मग मुरबाडला. दोन्हीकडच्या हजेरीपटांवर त्यांचे एकच पेन चालले: हिरो ६१६. खाली गडद विटकरी नळी, वर चकचकीत पोलादी टोपण, त्यावर कोणालाही न वाचता येणारी चिनी अक्षरे. आम्हा मुलांना त्याचे नवल वाटे ते निबचे. इतर शाईपेनांची निब कशी ऐटीत बाहेर असते. हिरोची मात्र कासवाने मान आत ओढून घ्यावी तशी प्लॅस्टिकच्या कवचात लपलेली, नुसते टोक बाहेर डोकावणारे. हे असे का, हे शाळेत कोणालाच सांगता येत नव्हते.

त्याचे उत्तर अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या जेन्सव्हिल गावात आहे. तिथल्या पार्कर कंपनीला लिहिल्या लिहिल्या वाळणारी शाई हवी होती. त्या काळी पान उलटण्याआधी टीपकागद दाबावा लागे. (आमच्या वर्गात टीपकागद नव्हता, डाग पडला की खडूचे टोक टेकवायचे. खडू शाई पिऊन निळा होत जायचा, ते बघायलाच काही मुले मुद्दाम डाग पाडत.) झटपट वाळणारी शाई तयार झाली, पण ती कागदावर वाळते तशी निबवरही वाळू लागली. शिवाय ती इतकी तीव्र होती की त्या काळच्या सेल्युलॉइडच्या पेनांना खाऊन टाकी. मग त्या शाईसाठी पेनच नवे घडवले. नळी अ‍ॅक्रिलिकची केली. याच जातीच्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक काचा तेव्हा लढाऊ विमानांना बसत. आणि निबला वारा लागू नये म्हणून ती कवचात झाकली. हे काम पुरे झाले १९३९ साली, कंपनीच्या ५१व्या वर्षी, म्हणून पेनचे नाव ‘पार्कर ५१’. १९४१मध्ये ते बाजारात आले तेव्हा किंमत साडेबारा डॉलर होती. त्या काळी ही रक्कम थोडी नव्हती.

शांघायमध्ये १९३१पासून पेन बनवणारा एक कारखाना होता. पुढे तो ‘हिरो’ याच नावाने ओळखला जाऊ लागला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ‘पार्करला गाठायचे’ अशी घोषणाच झाली होती. त्या ईर्ष्येतून आधी सोन्याच्या निबचे हिरो १०० निघाले, आणि पुढे त्याच घराण्यातले, सामान्यांना परवडणारे, पोलादी निबचे ६१६. तेच जगभरच्या मास्तरांच्या आणि कारकुनांच्या खिशात गेले.

मला खरे अप्रूप वाटते ते याच्या पुढचे. हिरोमध्ये भरायची शाई साधीच होती. आप्पांकडे कॅम्लिनची दौत असे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत घोडा छापाच्या शाईच्या पुड्यांपासून सुरू केलेल्या उद्योगाची ती शाई. कॅमल आणि इंक हे दोन शब्द जोडून ‘कॅम्लिन’ झाले. ती कागदावर आपल्या सवडीने वाळायची. म्हणजे ज्या दुखण्यावर पार्करने झाकणाचा उपाय काढला, ते दुखणे हिरोला नव्हतेच. नक्कल करणाऱ्याने रूप उचलले आणि रूपासोबत उपायही आपोआप आला.

आणि तो उपाय मुरबाडच्या वैशाखात कामी आला. हजेरी घेताना मास्तर एक नाव पुकारतो, खूण करतो आणि पेन हातात धरून थांबतो. मुले पुरती गप्प होईपर्यंत अर्धे मिनिट जाते. उघड्या निबची शाई कोरड्या गरम वाऱ्यात तेवढ्यात टोकाशी सुकते, पुढची खूण उमटत नाही, मग पेन झटकायचे आणि शेजारच्याच्या सदऱ्यावर शिंतोडे. आप्पांनी पेन झटकलेले मला आठवत नाही. जेन्सव्हिलच्या शाईसाठी शिवलेले झाकण इथल्या उन्हाला नेमके बसले होते.

आता हवेकडे येतो. शहापूरच्या तानसा तलावाचे पाणी १८९२पासून मुंबईला जाते ते उताराने. पेनातली शाई निव्वळ अशी उताराने आली असती तर टोपण काढताच सगळी वहीवर सांडली असती. तांब्या पाण्यात बुडवून, तोंड हाताने दाबून उलटा वर काढा. हात किंचित सैल करा, तरच आत हवा शिरते आणि गुळगुळ आवाज करत पाणी उतरते. पाणी जायला आत हवा यावीच लागते. निबखाली जी चिरा पाडलेली काळी पट्टी असते, जिला आम्ही जीभ म्हणत असू, तिचे सगळे काम एवढेच: बारीक चिरेतून शाई खाली, त्याच वाटेने हवेचा बुडबुडा वर. खडू ज्या बळाने शाई ओढून घेतो त्याच बळाने ही चीर शाई ओढते आणि धरूनही ठेवते. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांनी अशा जिभेचे पेटंट १८८४ साली घेतले. त्याची मुदत केव्हाच संपली. आज दहा रुपयांचे शाईपेन असो की लाखाचे, आत राबते ते हेच. स्वस्त पेन लिहू शकते याचे मूळ कारण मला हेच वाटते: लिहिण्याचे जे मर्म आहे, त्याला किंमतच पडत नाही.

पण ही नाजूक तडजोड बिघडते ती आतली हवा फुगली की. हिरोच्या आधी आप्पांकडे ड्रॉपरने शाई भरायचे पेन होते. सगळी नळी हीच टाकी. समजा तिच्यात दोन मिलिलिटर मावते आणि ती अर्धी रिकामी आहे. माळशेज चढताना सुमारे ६०० मीटर वर गेले की हवेचा दाब ७ टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि आतली एक मिलिलिटर हवा तेवढीच फुगते. म्हणजे ०.०७ मिलिलिटर, जवळपास दीड थेंब. पेन आडवे किंवा उलटे असेल तर हा दीड थेंब शाईचा असतो आणि तो टोपणात जमतो. निब वर असेल तर टोकाशी हवाच असते, ती गुपचूप निघून जाते. आप्पा चाचपत होते ते हे. जुन्या पेनने लावलेली सवय.

हिरोत ती गरज फारशी नव्हती. कवचाच्या आत, पार्करमध्ये होती त्याच कल्पनेची, केसासारख्या फटी असलेली फणी बसवलेली असते. जादा शाई आली की आमच्या डोंगरउतारावरच्या खाचरांत पाणी अडावे तशी ती फटीफटीत अडते आणि दाब पूर्ववत झाला की मागे परतते.

मग महागात काय असते? एके काळी सोने हवेच होते. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपल्याकडेही करत. हिरडा तर माळशेजच्या माथ्यावर जुन्नरकडच्या रानात आजही गोळा होतो. असली लोहाची शाई आंबट, ती पोलाद खाते, सोन्याला काही करत नाही. गंज न धरणारे पोलाद आले आणि ती अडचण मिटली. उरला तो हात. निबच्या टोकाशी इरिडियम, ऑस्मियम यांच्या जातीच्या कठीण धातूचा, मोहरीहून लहान मणी जोडतात, त्यातून चीर कापतात, दोन्ही फाळ्या एका पातळीत आणून घासतात. महाग पेन या पायरीवर माणसाच्या डोळ्याखालून जाते. स्वस्त पेन गठ्ठ्याने जाते, म्हणून एखादे लोण्यासारखे चालते, एखादे कागद ओरखडते. ओरखडणाऱ्याच्या चिरेतून आम्ही ब्लेडचे पाते फिरवायचो, काचेवर इंग्रजी आठ काढायचो. कारखान्यात राहून गेलेले काम शाळेच्या ओट्यावर पुरे व्हायचे.

आज नकलेची हीच परंपरा चीनच्या जिनहाओ कंपनीने चालवली आहे. माँब्लांचे १४९ हे जाडजूड काळे पेन, ज्याच्या निबवर माँ ब्लां शिखराची ४८१० ही उंची कोरलेली असते, त्याच्यासारखे दिसणारे पेन काहीशे रुपयांत मिळते. त्यावर नाव मात्र जिनहाओ असते, आणि तिथेच माझ्या लेखी रेघ आहे. आपल्या नावाने दुसऱ्यासारखे घडवणे हे शिकणे आहे. दुसऱ्याचे नाव कोरून विकणे ही चोरी, मग पेन कितीही सुरेख चालो.

गेल्या दिवाळीत सरळगावच्या घरी आप्पांची पत्र्याची पेटी उघडली. हिरो तिथेच होते, टोपण घट्ट बसलेले. निब ओढून पाहिली तर कोरडी ठक्क. वाटीत कोमट पाणी घेतले आणि कवचापर्यंत पेन बुडवून ठेवले. पहिली दहा मिनिटे काहीच नाही. मग झाकणाखालून निळा धागा सुटला, वळसे घेत तळाशी गेला, त्यामागून दुसरा. फणीच्या कुठल्या कुठल्या फटीत आप्पांची शाई अडून राहिली होती कोण जाणे. संध्याकाळी पाणी बदलले, झोपताना पुन्हा बदलले. सकाळी उठून पाहिले, तर वाटी निळीच होती.