नळीचे आटे

गुरुग्राम-नोएडाच्या पेंटबॉल मैदानांवर भाड्याने खेळणाऱ्याला आट्यांशी देणंघेणं नसतं. स्वतःचं मार्कर, म्हणजे पेंटबॉलची बंदूक, घेणाऱ्याला मात्र नवी नळी मागवण्यापूर्वी ते पाहावेच लागतात.

गोळी बहुतेक ठिकाणी ०.६८ इंचीच, म्हणून कुठलीही नळी कुठेही बसेल, असं वाटतं. तसं नाही. नळी मार्करमध्ये फिरवून बसवतात आणि ते आटे सगळीकडे सारखे नसतात. सर्वाधिक चालतात ते ऑटोकॉकर आटे: व्यास १५/१६ इंच, इंचाला २० आटे. डाय आणि प्लॅनेट एक्लिप्सची मार्करं हेच वापरतात. टिपमनची तऱ्हा वेगळी. कंपनी एकच, पण ९८ कस्टम या मॉडेलची नळी ए-५ला बसत नाही. ए-५ची एक्स-७ला बसते.

योग्य नळी बोटांनीच सरळ आत जाते. पहिल्याच वेढ्याला अडली तर थांबावं. मार्करचा सांगाडा बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा. जोर लावला की त्याचे आटे कापले जातात, आणि नळी बदलता येते तसा सांगाडा स्वस्तात बदलता येत नाही. दिल्लीच्या उन्हाळ्यातली बारीक धूळही आट्यांत रुतते, तेव्हा आधी कोरड्या ब्रशने ते साफ करावेत.

आटे जुळले तरी आतला व्यास पाहायचा राहतोच. गोळीचं कवच जिलेटिनचं, पावसाळी दमट हवेत ते फुगतं. मग अरुंद नळीत गोळ्या फुटतात.