दिसायला चांगला पिस्टन का बदलायचा?

आज टेबलावर आम्ही एक पिस्टन ठेवलाय. २५० सीसीच्या मोटोक्रॉस गाडीतून काढलेला. व्याख्यानानंतर हातात घेऊन बघा. ओरखडा नाही, तडा दिसत नाही, वर थोडी काजळी आहे इतकंच. मापं घेतली, तीही मर्यादेत. तरी आम्ही तो बाद केला. का, ते आज समजून घेऊ.

२८ जानेवारी २०२४ ला आपल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. मातीच्या उंचवट्यांवरून गाड्या अक्षरशः हवेत झेपावतात. या गाड्यांची इंजिनं मिनिटाला तेरा-चौदा हजार फेरे घेतात. सिंहगड रोडच्या गर्दीतून ऑफिसला जाणाऱ्या आपल्या दुचाकीचा पिस्टन वर्षानुवर्षं टिकतो. इथे मात्र आयुष्य तासांत मोजतात. अशा काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ६ शर्यती किंवा सुमारे १५ तास झाले की पिस्टन बदला, असं लिहिलेलं असतं.

इतकं कमी का? थोडं गणित करू. यामाहाच्या वायझेड २५० एफ या गाडीचा स्ट्रोक ५३.६ मिमी आहे. १३,५०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग येतो सेकंदाला २४ मीटर, म्हणजे ताशी ८७ किमीच्या आसपास. आणि या वेगात तो एका सेकंदात ४५० वेळा थांबून उलटा फिरतो! रिंगा आणि गजन पिनसह त्याचं वजन २०० ग्रॅम धरलं, तर वरच्या टोकाला त्याला परत खाली ओढायला सुमारे १,४०० किलो वजनाइतकं बल लागतं. पॉवर स्ट्रोकच्या वेळी जळणाऱ्या वायूचा दाब वरून असतो, त्यामुळे ही ओढ थोडी हलकी होते. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी तो आधार नसतो. सगळा ताण गजन पिनच्या भोकांभोवती येतो.

तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. पोलादाच्या बाबतीत ताण एका मर्यादेखाली असेल, तर कितीही वेळा आला तरी ते सहसा टिकतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, म्हणजे प्रत्येक फेरा त्याच्या आयुष्यातून वजा होतो. सरासरी १०,००० फेरे धरले तरी १५ तासांत ९० लाख फेरे होतात.

म्हणून आपल्याला दोन वेगळे हिशेब ठेवावे लागतात. पहिला झिजेचा. मायक्रोमीटरने पिस्टनचा स्कर्ट मापायचा, बोअर गेजने सिलिंडर, आणि दोन्हींतला फरक काढायचा. रिंग सिलिंडरमध्ये बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने बघायची. अधूनमधून लीक-डाउन चाचणी करायची आणि आकडा मागच्या वेळेपेक्षा वाढतोय का, ते पाहायचं. एअर फिल्टरमधून धूळ आत गेली, इंजिन तापलं किंवा स्कर्टवर उभे ओरखडे दिसले, तर तास पूर्ण व्हायची वाट बघायची नाही.

दुसरा हिशेब थकव्याचा. तो मायक्रोमीटरवर दिसत नाही. पेनेट्रंट रंग लावून तडा सापडतो खरा, पण तडा पडल्यावरच. त्यासाठी लागतो तासांचा मीटर आणि एक साधी वही. बरेच जण फक्त शर्यती मोजतात आणि सराव सोडून देतात. पिस्टनला शर्यत कुठली आणि सराव कुठला, हे कळत नाही.

मग नवशिक्यानेही १५ तासांनीच बदलायचा का? मॅन्युअलमधला आकडा जोरात शर्यत करणाऱ्यासाठी असतो. ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १३,५०० ऐवजी १०,००० फेऱ्यांवर ती जवळपास निम्मी होते. सावकाश चालवणाऱ्याला मुदत थोडी वाढवता येईल. पण आपण किती आणि कसं चालवलं हे वहीत असेल तरच.

यात पैशांचा प्रश्न आहे, हे आम्हाला माहीत आहे. घरच्या पैशांवर रेसिंग करणाऱ्या मुलाला पिस्टन, रिंगा, पिन आणि सर्क्लिपचा खर्च जड जातो. पण पिस्टन आत फुटला तर सिलिंडर, व्हॉल्व्ह, क्रँक, सगळंच जातं. त्याहून वाईट म्हणजे उडीच्या आधी किंवा उतरताना इंजिन जाम झालं, तर मागचं चाक अडकतं. क्लच दाबायला वेळ मिळेलच असं नाही.

आता टेबलावरच्या पिस्टनकडे या. गाडी सेकंडहँड घेतलेली. मीटर नाही, वही नाही. हा ५ तास चाललाय की ५०, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. म्हणून काढला. नवा बसवला त्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर तारीख टाकली आणि पुढे लिहिलं: शून्य तास.

आता तुमचे प्रश्न घेऊ.