खो-खोचा कप्तान नेमकं काय करतो? 🏃‍♀️

शाळाशाळांच्या परिपाठात मुलं हल्ली स्पर्धांचे अनुभव सांगतात. 'आम्ही जिंकलो' यावरच बोलणं थांबलं, तर खेळातलं नेतृत्व कळत नाही. खो-खोचंच बघा.

🔸 नाणेफेक जिंकली की आधी पाठलाग करायचा की पळायचं, हे कप्तान ठरवतो.
🔸 बचावाला खेळाडू तिघातिघांच्या तुकड्यांत उतरतात. पहिल्या तुकडीत कोण, कोणाला राखून ठेवायचं, हा सगळा डोक्याचा खेळ.
🔸 पाठलागात आठ जण आलटूनपालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा धावतो. एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत गेल्याशिवाय बदलता येत नाही. म्हणून खो कुणाला द्यायचा, हे धावणाऱ्याला क्षणात ठरवावं लागतं.

नेतृत्वाचं उदाहरणच हवं तर, जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे!

पालकांनो, मूल मॅच खेळून आलं की नुसता निकाल विचारू नका. 'तू कितव्या तुकडीत होतीस? खो कुणाला दिलास?' असं विचारा. मग बघा, किती भरभरून बोलतं ते!