अंगरखा टक्क्यांनी वाढत नाही

फेब्रुवारी उजाडला की बारामती आणि इंदापुरातल्या शिलाई यंत्रांना उसंत नसते. १९ तारखेची शिवजयंती आणि तिच्या मागेपुढे शाळांची स्नेहसंमेलनं. इंदापूर मालोजीराजांच्या गढीचं गाव, बारामती कवी मोरोपंतांची (१७२९–१७९४). त्यामुळे मावळ्यांच्या जोडीला सरदार, कारकून, पंडितही रंगमंचावर येतात आणि त्यांना अंगरखे, बाराबंद्या लागतात. भाड्याचा झगमगीत पोशाख नाकारून पुस्तकातल्या जुन्या नमुन्यावरून अंगरखा शिवायला कुणी बसलं, तर त्याचं कौतुकच करायला हवं. पण त्याला पहिला सल्ला मिळतो तो असा: ‘झेरॉक्सवाल्याकडून टक्के वाढवून घ्या, पाहिजे ते माप मिळतं.’

मिळत नाही. आणि या सल्ल्यापायी दरवर्षी चांगलं कापड वाया जातं.

इथे दोन वेगळी कामं एकच समजली जातात. पहिलं काम म्हणजे पुस्तकातली छोटी आकृती मूळ कपड्याच्या मापाला आणणं. दुसरं, तो कपडा आज घालणाऱ्याच्या अंगाला बसवणं. टक्क्यांचा हिशेब फक्त पहिल्या कामाला चालतो.

पहिल्या कामातही घोटाळे होतातच. जॅनेट अर्नोल्ड यांचं ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’ (१९६४) हे युरोपीय पोशाखांवरचं पुस्तक जगभर प्रमाण मानलं जातं. त्यातल्या आकृत्या एक अष्टमांश मापाच्या आहेत, म्हणजे पुस्तकातला इंचाचा आठवा भाग कपड्यावर एक इंच होतो. मूळ मापासाठी ८०० टक्के वाढ हवी. यंत्र एका वेळी ४०० टक्क्यांपर्यंतच वाढवत असेल, तर त्या प्रतीची पुन्हा २०० टक्के प्रत काढायची. टक्क्यांचा गुणाकार होतो, बेरीज नाही. ४०० नंतर आणखी ४०० केले, तर आकृती सोळापट होते.

शिवाय आठपट मोठ्या आकृतीत अर्ध्या मिलिमीटरची रेघ चार मिलिमीटरची पट्टी होते. मग कात्री तिच्या आतून फिरवायची की बाहेरून? म्हणून चौकटींची जुनी पद्धत आजही भरवशाची आहे. आकृतीवरची प्रत्येक चौकट म्हणजे ब्राऊन पेपरवर एक इंचाची चौकट आखायची, रेघ जिथे चौकट छेदते तिथे टिंब द्यायचं आणि टिंबं जोडत जायचं.

आता दुसरं काम. समजा, मूळ अंगरखा ३४ इंच छातीचा आहे आणि घालणाऱ्याची छाती ४०. टक्केवारीच्या हिशेबाने आकृती सुमारे ११८ टक्के करावी लागेल. छाती जुळेल, पण ४४ इंचांची उंची ५२ होईल आणि २३ इंचांची बाही २७! छाती सहा इंचांनी जास्त असलेला माणूस आठ इंचांनी उंच नसतो आणि त्याचे हातही चार इंचांनी लांब नसतात. उलट्या बाजूनेही तेच. प्रौढाचा नमुना ६५ टक्के केला, तर साडेपंधरा इंचांचा गळा दहावर येतो आणि आठ-नऊ वर्षांच्या पोराला आवळतो, कारण मुलाचा गळा छातीच्या प्रमाणात लहान होत नाही.

तयार कपड्यांचे कारखाने हे काम ग्रेडिंगने करतात. छाती, तीरा, मुंढा, उंची या प्रत्येक ठिकाणी किती वाढवायचं हे वेगवेगळं ठरलेलं असतं. घरी तेच करता येतं. छातीतला फरक सहा इंच, म्हणजे चौथ्या भागाला दीड इंच. अंगरखा तर याला फारच सोयीचा, कारण तो बराचसा सरळ पाट, बगलेखालचे चौबगले आणि कळ्या जोडून होतो. वाढीचा मोठा वाटा चौबगल्यात घालावा, खांद्याला थोडाच द्यावा, उंची घालणाऱ्याच्या अंगावर मोजावी. घेर हवा असेल तर कळ्या रुंद कराव्यात.

आणखी काही गैरसमज थोडक्यात:

नमुन्यात शिवणमाया धरलेली असते. अर्नोल्ड यांच्या आकृत्यांत ती धरलेली नाही. इतर पुस्तकांत सूचना वाचून खात्री करावी. माया नेहमी शेवटी, माप जुळल्यावर सोडावी.

मोबाइलवर पानाचा फोटो काढला की पुरे. पुस्तकाच्या घडीजवळ पान वाकतं आणि तिथल्या चौकटी आक्रसतात.

आकृती उलटी छापली गेली तरी चालतं. मोगल काळात हिंदूंचा जामा डावीकडे आणि मुसलमानांचा उजवीकडे बांधण्याचा प्रघात होता. आकृती उलटली की बंद भलत्या बाजूला जातात.

जुन्या चित्रावरून नमुना काढता येतो. चित्रावरून घेर आणि लांबी कळते. जोड कुठे आहेत हे प्रत्यक्ष कपडा मोजूनच समजतं. अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयातल्या पोशाखांवरचा बी. एन. गोस्वामी यांचा ग्रंथ (१९९३) म्हणूनच मोलाचा आहे.

यंदा अंगरखा शिवायला घेणाऱ्यांनी एवढं करावं. मोठ्या केलेल्या कागदावरची एक चौकट टेपने मोजावी. ती बरोबर एक इंच भरली तरच पुढे जावं. मग मांजरपाटाचा कच्चा अंगरखा टाचून घालणाऱ्याच्या अंगावर चढवावा, हात वर करायला लावावेत आणि बगल ओढते का ते पाहावं. चांगल्या कापडाला कात्री त्यानंतरच लावावी.