खारे पाणी आणि जमिनीत पाणी धरणारे हायड्रोजेल

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील केळी, पानवेल, फुले व भाजीपाला यांच्या वाड्या विहिरींच्या पाण्यावर पोसल्या जातात. येथे पाऊस भरपूर पडतो; परंतु जमीन रेताड असल्याने पाणी लवकर निचरून जाते आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ लागते. अशा जमिनीत ओल टिकविण्यासाठी हायड्रोजेल नावाची भुकटी वापरावी काय, असे पुष्कळ बागाईतदार विचारतात. याचे उत्तर ज्याच्या त्याच्या विहिरीच्या पाण्यात आहे.

हायड्रोजेल म्हणजे काय?

समुद्रशेवाळापासून केलेला चायना ग्रास सर्वांच्या परिचयाचा आहे. उकळत्या पाण्यात तो विरघळतो आणि थंड होताच त्याचे सूक्ष्म धागे एकमेकांत गुंतून पाण्याला थिजवितात. हायड्रोजेल हे याच जातीचे, पण त्याचे धागे एकमेकांशी कायमचे जोडलेले असतात; म्हणून ते पाण्यात विरघळत नाही, केवळ फुगते.

दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने ‘पुसा हायड्रोजेल’ तयार केले आहे. वनस्पतींतील सेल्युलोजच्या धाग्यावर दुसऱ्या पदार्थाच्या फांद्या चढवून व त्या फांद्या आडव्या दुव्यांनी बांधून हे जाळे विणलेले असते. शुद्ध पाण्यात ते आपल्या वजनाच्या सुमारे ३५० पट पाणी धरते. उष्णता वाढली की त्याची धारणशक्तीही वाढते व ४० ते ५० अंश सेल्सिअस उष्णतामानात ती सर्वांत अधिक असते. उन्हाळ्यात तापणाऱ्या जमिनीस हा गुण उपकारक आहे. भोवतालची माती सुकू लागली म्हणजे जेल आपले पाणी मुळांना देते आणि पुन्हा पाणी मिळताच फुगते.

हिशेब करून पाहावा

एकरी १ ते २ किलो भुकटी वापरतात. २ किलो भुकटी एका वेळी फार तर ७०० लीटर पाणी धरील. एकरभर जमिनीवर १ मिलिमीटर पाणी द्यावयाचे झाल्यास सुमारे ४,००० लीटर लागते. यावरून हायड्रोजेल पाण्याच्या पाळीची जागा घेऊ शकत नाही, हे उघड आहे. म्हणून ते शेतभर फेकू नये. कोरड्या बारीक मातीत मिसळून ते मुळांच्या कक्षेत, सरीत अथवा खड्ड्यातच द्यावे. रोपे लावताना १ लीटर पाण्यात २ ग्रॅम भुकटी अर्धा तास भिजवून त्यात मुळे बुडवून घेता येतात.

खारेपणाचा परिणाम

जाळ्याच्या धाग्यांवर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांस दूर लोटतात, त्यामुळे जाळे उघडते आणि पाणी आत शिरते. पाण्यात मीठ असल्यास त्यातील सोडियम हे भार झाकून टाकतो व जाळे पुरते उघडत नाही. जड पाण्यातील कॅल्शियम तर दोन धाग्यांना एकत्र बांधतो. असे जेल नंतर गोडे पाणी मिळाले तरी पूर्वीइतके फुगत नाही. खाऱ्या किंवा जड पाण्यात धारणशक्ती याप्रमाणे कित्येक पटींनी घटते. शिवाय हायड्रोजेल पाण्यातील क्षार काढून टाकीत नाही.

किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी पावसाळ्यानंतर गोडे असते; उपसा वाढतो तसा उन्हाळ्यात त्याचा खारेपणा वाढतो. म्हणजे ज्या महिन्यांत जेलची गरज अधिक, त्याच महिन्यांत त्याचे बळ कमी पडते.

घरच्या घरी परीक्षा

खरेदीपूर्वी नमुना मिळवून पुढीलप्रमाणे परीक्षा करावी :

१. सोनाराच्या काट्यावर १ ग्रॅम भुकटीच्या दोन पुड्या करून घ्याव्यात.

२. एका बरणीत पावसाचे किंवा बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणी व दुसरीत आपल्या विहिरीचे पाणी, प्रत्येकी १ लीटर घ्यावे. विहिरीचे पाणी एप्रिल-मे महिन्यांतील असावे. दिवाळीच्या सुमाराचे पाणी फसवील.

३. दोहोंत एकेक पुडी टाकून रात्रभर ठेवावे.

४. सकाळी ओल्या पातळ फडक्यातून गाळून, पाणी निथळल्यावर दोन्ही जेलांची वेगवेगळी वजने करावीत.

विहिरीच्या पाण्यातील जेल १०० ग्रॅम भरले, तर २ किलो भुकटी एकरी सुमारे २०० लीटरच पाणी धरील. त्या प्रमाणात खर्च परवडतो की नाही, हे शेतकऱ्याने स्वतः ठरवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही परीक्षा चार शेतकऱ्यांसमोर करून दाखवावी आणि पाण्याचा नमुना माती-पाणी परीक्षणाच्या प्रयोगशाळेकडे पाठविण्यास साहाय्य करावे.

मूळ उपाय

गोड्या पाण्याची विहीर असलेल्या वाडीत रोपवाटिका, कुंड्या व नवी लागण यांसाठी हायड्रोजेल उपयोगी पडेल. जेथे पाणी खारावले आहे, तेथे त्यावर पैसा घालण्यापूर्वी पाण्याकडे लक्ष द्यावे. वसईच्या पूर्वजांनी वाड्यांतून बावखले खणली. त्यांत साठलेले पावसाचे पाणी जमिनीत मुरते, विहिरींना गोडवा देते आणि खाऱ्या पाण्याला मागे रेटते. वस्ती वाढली तशी अनेक बावखले बुजविली गेली. राहिलेल्या बावखलांतील गाळ उन्हाळ्यात काढावा व ती भरून टाकू नयेत. शेणखत आणि पालापाचोळ्याचे आच्छादन यांनीही ओल टिकते, व खारेपणामुळे त्यांचा हा गुण जात नाही. हायड्रोजेल या सर्वांच्या जोडीला शोभते. त्यांची उणीव ते भरून काढू शकत नाही.