वरदेची रेघ, मातीचे कोट

दक्षिण नागपुरातले हुडकेश्वर २०१३ साली महापालिकेच्या हद्दीत आले. तोपर्यंत ते शेजारच्या नरसाळ्यासारखेच ग्रामपंचायतीचे गाव होते. शेते विकली गेली, लेआउट पडले आणि धुऱ्यांच्या जागी कंपाउंड वॉल उभ्या राहिल्या. दोन वावरांमधला मातीचा धुरा कोणी फोडला, कोणी सरकवला, यावरून विदर्भात भावाभावांच्या फौजदाऱ्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. भावांच्या वादाला हातभर उंचीची माती पुरते. दोन राजांचा वाद असेल तेव्हा याच मुलखात मातीचे काय काम होते, हे पाहायचे तर हुडकेश्वरची जागा सोयीची आहे. इथून पश्चिमेला गेले की वर्धा नदी लागते. जवळच्या उमरेड रोडने आग्नेयेला निघाले की उमरेड आणि मिरचीचे भिवापूर ओलांडून पवनी येते. हद्दीची रेघ पश्चिमेला राहते आणि मातीचे प्रचंड काम पूर्वेला दिसते.

आधी रेघेबद्दल. विदर्भाच्या वाटणीची सर्वांत जुनी प्रसिद्ध हकिकत कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ या नाटकात आहे. विदर्भाचा राजा यज्ञसेन आपला चुलतभाऊ माधवसेन याला कैद करतो. विदिशेचा अग्निमित्र सेनापती वीरसेनाला पाठवून यज्ञसेनाचा पराभव करतो आणि दोघा भावांना विदर्भ वाटून देतो. दोघांच्या मधली हद्द ठरते वरदा, म्हणजे आपली वर्धा नदी. प्रसंग इसवी सनापूर्वीच्या शुंगकाळातला आणि नाटक त्यानंतर काही शतकांनी लिहिलेले, त्यामुळे तपशील जसाच्या तसा इतिहास म्हणून घेता येत नाही. पण विदर्भ तोडायचा तर वर्धेवर तोडायचा, ही गोष्ट कालिदासाच्या प्रेक्षकांना पटण्यासारखी होती, एवढे त्यातून नक्की कळते.

पुढे खऱ्या कागदावर हेच घडले. नागपूरकर भोसल्यांची इंग्रजांशी अडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ ला झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाकडे गेला. गाविलगड व नरनाळा हे किल्ले आणि त्यांच्या पायथ्याचा काही भाग मात्र भोसल्यांकडे राहिला, म्हणून रेघ वाकडीच राहिली. १८२२ च्या तहाने ती सरळ झाली आणि वर्धा ही वऱ्हाडची पूर्वेची हद्द म्हणून कायम झाली.

देवगावच्या तहाआधीची साठ-सत्तर वर्षे मात्र वऱ्हाडात धड रेघच नव्हती. दुअंमल होता. मुलूख नावाला निजामाचा आणि वसुली दोघांची. ६० टक्के भोसल्यांचे आणि ४० निजामाचे, असे हे प्रमाण सांगितले जाते. एकाच गावात दोन सरकारांची माणसे येत, पुढे पेंढारीही येऊ लागले. या काळात वऱ्हाडातले पाटील-देशमुख काय करत होते, ते आजही गावोगावी दिसते. ते गढ्या बांधत होते, जुन्या गढ्या मजबूत करत होते. जुन्या वस्तीची पांढरी माती कालवून तिच्या रुंद, उंच भिंती रचायच्या, कोपऱ्यांवर बुरूज काढायचे आणि आत धान्य, गुरे व माणसे घ्यायची. राज्यांची हद्द ठरत नव्हती, म्हणून गावाने आपल्यापुरती हद्द मातीत उभी केली. वऱ्हाडच्या राजकीय इतिहासात तहांवर पानेच्या पाने खर्ची पडतात आणि गढीच्या वाट्याला एखादी ओळ येते. मला हे प्रमाण उलटे वाटते.

जगात इतरत्र वेगळी रीत दिसते. आठव्या शतकात इंग्लंडमधल्या मर्सिया राज्याचा राजा ऑफा (राज्यकाळ ७५७ ते ७९६) याने वेल्सच्या बाजूला मातीचा लांबच लांब बांध घातला. खंदक वेल्सकडे आणि बांध आपल्याकडे, अशी त्याची रचना आहे. त्याचे मैलोन्‌मैल तुकडे अजून शाबूत आहेत आणि काही ठिकाणी आजची इंग्लंड-वेल्स हद्द त्यांच्यावरूनच जाते. हिंदुस्थानात असे लांब काम झाले ते कंपनी सरकारने सुरू करून राणीच्या सरकारने वाढवलेल्या मिठाच्या जकातीसाठी. १८६९ च्या सुमारास सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैलांची जकात-रेषा होती आणि तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसे पहारा देत. तिच्या मोठ्या भागावर, थेट बऱ्हाणपुरापर्यंत, बाभूळ, बोर, करवंद आणि निवडुंगाचे जिवंत कुंपण वाढवले होते. जिथे जमीन नापीक होती तिथे खंदक खणून चांगल्या मातीचे वरंबे घातले आणि त्यांवर काटेरी झाडे लावली. १ एप्रिल १८७९ ला ही रेषा बंद झाली आणि बघता बघता कुंपण नाहीसे झाले.

वर्धेच्या काठाने असा बांध का घातला गेला नाही? माझ्या मते त्याची कारणे जमिनीत आणि पहाऱ्यात आहेत. काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात हात जाईल अशी भेगाळते आणि पावसात फुगते. नुसत्या काळ्या मातीचा उघडा बांध दर चार-दोन वर्षांनी डागडुजी मागणार. पावसाळ्यात नदीच वाट अडवते आणि फौजा तर दसऱ्यानंतर निघत. शिवाय लांब बांधावर माणसे ठेवावी लागतात. ती नसतील तर कोणीही रात्रीतून बांध ओलांडून जातो. जकात-रेषेवर १२,००० माणसे लागली, ती याच कारणाने. विदर्भातल्या राजांनी खर्च केला तो शहराभोवतीच्या कोटावर.

नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यातले अडम हे त्याचे ठळक उदाहरण. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर उत्खनन शाखेने अमरेंद्र नाथ यांच्या नेतृत्वाखाली १९८८ ते १९९२ या काळात इथे उत्खनन केले. मध्याश्मयुगापासून सातवाहन काळापर्यंतच्या वस्तीचे थर मिळाले आणि वस्तीभोवती मातीचा तट व खंदक आढळला. तट रचायची पद्धत साधी आहे. बाहेरून खणत जायचे, निघालेली माती आतल्या बाजूला टाकायची आणि थराथराने चोपायची. एकाच मेहनतीत खंदकही होतो आणि तटही उभा राहतो. छेद घेतला की मातीच्या रंगांचे पट्टे एकावर एक दिसतात. टोपल्या आधी कुठून भरल्या आणि मग कुठून, हे त्यांवरून वाचता येते.

या उत्खननात मातीची एक छोटी मुद्रा मिळाली. तिच्यावर ब्राह्मी लिपीत अस्सक जनपदाचे नाव आहे. अस्सक हे सोळा महाजनपदांपैकी एक. बौद्ध ग्रंथ त्याला गोदावरीच्या काठी ठेवतात. त्याचे नाव इतक्या उत्तरेला कुहीच्या शिवारात कसे आले? जनपदाचा अंमल इथपर्यंत होता, की गोदावरीकडून आलेल्या एखाद्या गाठोड्यावर ही मुद्रा उमटवलेली होती? मुद्रा हलकी असते, ती मालाबरोबर दूरवर जाते. त्यामुळे तिच्या एकटीच्या जोरावर राज्याची हद्द आखणे मला धाडसाचे वाटते. तट मात्र जागचा हलत नाही. इथे काहीतरी राखण्याजोगे होते आणि ते राखायला शेकडो हात कामाला लावू शकणारी सत्ता होती, हे तो निर्विवाद सांगतो.

पवनीत हेच काम आणखी मोठे आहे. भंडारा जिल्ह्यातल्या या गावाला एका बाजूने वैनगंगा आणि उरलेल्या बाजूंनी तट व खंदक आहे. नदी आणि माती यांचे असे संगनमत विदर्भात क्वचितच इतके स्पष्ट दिसते. १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे इथले स्तूप उजेडात आणले. लोक आता स्तूपांसाठी पवनीला जातात. त्यांनी थोडा वेळ काढून तटावरून चालावे. चढ कुठे सुरू होतो आणि खंदकाचा खोलगट भाग कुठे लागतो, हे पायांनाच कळते.

वर्धेकडे हद्दीचा प्रश्न मात्र अजून संपलेला नाही. वर्धेपलीकडचे राजुरा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि १९५९ मध्ये ते चंद्रपूर जिल्ह्यात आले. त्याच पट्ट्यातल्या जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही दावा सांगत आले. गावकऱ्यांच्या घरात दोन राज्यांची मतदार ओळखपत्रे आहेत, गावात मराठी आणि तेलुगू अशा दोन शाळा आहेत. नागपूर आणि अमरावती या महसूल विभागांची हद्दही बहुतेक ठिकाणी वर्धा नदीच आहे. वर्धेची रेघ अशी कागदावर सुरक्षित आहे. मातीच्या कामांना मात्र कोणी वाली नाही. गढीची पांढरी माती शेतात खत म्हणून आणि घराच्या भरावाला ट्रॅक्टरने उचलली जाते. ही माती नेणारा शेतकरी चोर नाही. ती काय आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

संरक्षित यादीत नाव नसलेल्या गढ्या आणि तट विदर्भात पुष्कळ आहेत. तुमच्या गावात असे काही असेल तर त्याचा गट नंबर लिहून घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा, लांबी-रुंदी पावलांनी मोजा आणि ग्रामसभेच्या ठरावासह राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला कळवा. पुढचा पावसाळा लागण्याआधी हे करा, कारण उघड्या पडलेल्या मातीच्या भिंती त्याच दिवसांत ढासळतात.