शेजारच्या कॉलेजचा शेरा

जून उजाडला की वाशीच्या खाडीपुलापासून पनवेलपर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगांना कॉलेजांचे फलक चढू लागतात. एकावर 'नॅक'ची श्रेणी, दुसऱ्यावर वार्षिक पॅकेजचा आकडा, तिसऱ्यावर पंचतारांकित हॉटेलातल्या कुठल्याशा 'शिक्षण गौरव' सोहळ्यात संस्थापकांनी स्वीकारलेली ट्रॉफी. नेरुळ, ऐरोली, कोपरखैरणे, खारघर, कामोठे, नवे पनवेल अशा नवी मुंबईच्या एकेका नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, अभियांत्रिकी, औषधनिर्माण, व्यवस्थापन आणि हॉटेल व्यवस्थापनाची विनाअनुदानित महाविद्यालये लोकलच्या दोन-तीन स्थानकांच्या अंतरावर उभी आहेत. तरीही या सगळ्या फलकांत एक गोष्ट औषधालाही सापडत नाही. ती म्हणजे शेजारच्या कॉलेजातल्या, त्याच विषयाच्या जाणकारांनी काम तपासून दिलेला शेरा. सरकारी यंत्रणेची श्रेणी असते, पैसे भरून मिळालेला पुरस्कार असतो, स्वतःच स्वतःला दिलेले प्रशस्तिपत्रही असते. समव्यावसायिकांची पावती तेवढी नसते. माझ्या मते या महाविद्यालयांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न इथेच अडला आहे. परस्परांचे काम तपासण्याची सवय जोवर लागत नाही, तोवर त्यांचे गौरव जाहिरातीच्या पलीकडे जाणार नाहीत आणि त्यांच्यात बिरादरीही तयार होणार नाही.

ही महाविद्यालये जन्माला आली तीच एकेकटी. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोवर इथली मुले देणगी मोजून कर्नाटकात शिकायला जात होती. तो पैसा आणि ती मुले राज्यातच राहावीत, हा त्यामागचा सरळ व्यवहारी विचार होता. नेरुळचे रामराव आदिक तंत्रज्ञान संस्थान त्याच वर्षीचे. पुढच्या दहा-बारा वर्षांत ऐरोलीत दत्ता मेघे, बेलापुरात भारती विद्यापीठ, नेरुळला तेरणा, वाशीत फादर आग्नेल यांची महाविद्यालये उभी राहिली. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाला नव्या शहरात वस्ती आणायची होती, शिक्षणसंस्थांना जागा हवी होती; दोघांचे जमले. पण प्रत्येक संस्थेमागे वेगळा ट्रस्ट, वेगळा जिल्हा, बऱ्याचदा वेगळा राजकीय गट. संस्थाचालक एकत्र आले ते फीसाठी, शिष्यवृत्तीच्या थकलेल्या प्रतिपूर्तीसाठी आणि कोर्टासाठी. १९८७ चा देणगीबंदी कायदा, सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा टीएमए पै निकाल, २००५ चा पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र शासन हा निकाल, २०१५ चा प्रवेश आणि शुल्क नियमनाचा कायदा हे टप्पे पाहिले, तर खासगी व्यावसायिक शिक्षणाचा चार दशकांचा इतिहास मुख्यतः शासन आणि संस्थाचालक यांच्यातल्या रस्सीखेचीचाच दिसतो. वर्गात काय शिकवले जाते यावर या रस्सीखेचीत कोणी फारसे बोलले नाही.

गुणवत्तेचे काम मग बाहेरच्या यंत्रणांकडे गेले. राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, म्हणजे नॅक, आणि तांत्रिक अभ्यासक्रमांसाठीचे राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ, म्हणजे एनबीए, या दोन्ही १९९४ च्या. एनबीएमुळे भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला आणि अधिस्वीकृत अभ्यासक्रमातल्या पदवीला परदेशात मान मिळण्याची वाट मोकळी झाली. २०१६ पासून केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी आली. या यंत्रणांमुळे काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ग्रंथालये सुधारली, प्रयोगशाळांच्या नोंदी लागल्या, विद्यार्थ्यांच्या तक्रारींना निदान एक रजिस्टर मिळाले. पण नॅकच्या पद्धतीत बहुतांश गुण संस्थेने स्वतः भरून दिलेल्या माहितीवर अवलंबून असतात आणि पाहणी समिती दोन-तीन दिवसांची पाहुणी असायची. त्यामुळे प्राध्यापकांचा एक अख्खा वर्ग शिकवण्याऐवजी फायली लावण्यात तरबेज झाला. स्टाफरूममध्ये 'नॅकचं वर्ष' हा शब्दप्रयोग घरातल्या लग्नाच्या वर्षासारखा वापरला जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका अभिमत विद्यापीठाला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने पाहणी समितीच्या अध्यक्षांसह सदस्यांना अटक केली. आरोपांचे काय व्हायचे ते न्यायालयात होईल. पण एका अक्षराच्या श्रेणीवर प्रवेश, स्वायत्तता आणि निधी असे सगळेच टांगले की त्या अक्षराला बाजारभाव येतो, हे समजायला निकालाची वाट पाहण्याची गरज नाही.

पुरस्कारांच्या बाजाराबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. नामांकनासाठी शुल्क, टेबलासाठी शुल्क, छायाचित्रासाठी शुल्क, आणि एकाच संध्याकाळी 'उदयोन्मुख', 'सर्वोत्तम', 'सर्वाधिक नवोन्मेषी' अशा वेगवेगळ्या नावांनी शंभर संस्थांचा सत्कार. जाहिरातीत पुरस्कार आणि क्रमवारी कशी वापरावी याचे नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेने केले आहेत, ते याच सुळसुळाटामुळे.

या गदारोळात एक जुनी, मुकाट्याने चालणारी व्यवस्था मात्र दुर्लक्षित राहिली. मुंबई विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयांत तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेला 'एक्स्टर्नल', म्हणजे बाहेरचा परीक्षक, येतो. नेरुळचा प्राध्यापक ऐरोलीला जातो, कोपरखैरण्याची प्राध्यापिका पनवेलला. मुलांची जर्नले चाळताना, अंतिम वर्षाच्या प्रकल्पावर प्रश्न विचारताना त्याला कळते की इथे यंत्रे खरोखर चालतात की परीक्षेपुरती पुसली जातात, आणि प्रकल्प मुलांनी केला आहे की लॅमिंग्टन रोडवरून विकत आणला आहे. कोणत्या विभागातला कोणता शिक्षक जीव ओतून शिकवतो हे शहरातल्या प्रत्येक अनुभवी एक्स्टर्नलला ठाऊक असते. हे ज्ञान नॅकच्या कोणत्याही अहवालापेक्षा अचूक आहे. पण परीक्षा संपली की ते मानधनाच्या पावतीबरोबर विरून जाते, कारण ते लिहून ठेवायला जागाच नाही. मार्कशीटवर विद्यार्थ्याचे गुण चढतात. विभागाबद्दलचा शेरा कोणी मागत नाही. आता तर ही व्यवस्थाही विरळ होत चालली आहे. रामराव आदिक संस्थान डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात गेले आणि बाकीची महाविद्यालये एकामागून एक स्वायत्त होत आहेत. प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळा, प्रश्नपत्रिका वेगळी, परीक्षक स्वतः निवडलेला. स्वायत्ततेचे फायदे मान्य आहेत. जुना अभ्यासक्रम बदलायला विद्यापीठाकडे पाच-पाच वर्षे लागत, ती अडचण संपली. पण या महाविद्यालयांना बांधणारा एकमेव समान धागा सामाईक परीक्षेचा होता, आणि तो तुटत असताना त्याच्या जागी दुसरे काही विणले जात नाही.

यावर हमखास आक्षेप येतो की स्पर्धकांनी एकमेकांना का तपासू द्यावे? प्रवेशाच्या फेऱ्यांत जे एकेका विद्यार्थ्यासाठी झगडतात, ते प्रयोगशाळेचे दार एकमेकांना कसे उघडतील? याचे उत्तर परदेशात शोधायची गरज नाही, ते पुण्याजवळ मांजरीला आहे. विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडणाऱ्या वसंतदादांच्याच नावाने तिथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट उभी आहे. १९७५ मध्ये सहकारी साखर कारखानदारीने ती डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने काढली. हंगामात एकमेकांचा ऊस पळवणारे, निवडणुकीत एकमेकांना पाडणारे कारखाने गाळपाच्या टनामागे वर्गणी देऊन ही संस्था चालवतात. ती ऊसबेणे देते, माती तपासते, तंत्रज्ञ घडवते आणि दरवर्षी पुरस्कारही देते. या पुरस्कारांची रचना पाहण्यासारखी आहे. तांत्रिक कार्यक्षमतेचे पुरस्कार दक्षिण, मध्य आणि उत्तरपूर्व असे विभागवार असतात, म्हणजे कोल्हापूरच्या उताऱ्याशी मराठवाड्यातल्या कारखान्याची नाहक तुलना होत नाही. ऊसविकासाचे वेगळे, आर्थिक व्यवस्थापनाचे वेगळे. शिवाय मुख्य शेतकी अधिकारी, चीफ इंजिनिअर, चीफ केमिस्ट यांचे वैयक्तिक पुरस्कारही असतात. चेअरमन एरवीही फलकावर असतोच. बॉयलिंग हाऊस सांभाळणाऱ्या माणसाचे नाव मात्र इथे पुकारले जाते. आणि निवाडा होतो तो सगळ्यांना सारख्याच लागू असलेल्या आकड्यांवर: गाळप, उतारा, वाफेचा वापर, गाळपात वाया गेलेली साखर.

या पुरस्कारांनी साखर कारखानदारी वाचली असा दावा मी करत नाही. किती कारखाने बुडाले, किती भाडेतत्त्वावर गेले, किती विकले गेले, हे वाचकांना माहीत आहे. कार्यक्षमतेची ढाल मिळालेला कारखानाही कर्जात जाऊ शकतो. मुद्दा तेवढाच आहे की कडवी स्पर्धा असतानाही समान मापे आणि सामाईक संस्था शक्य असतात. महाराष्ट्राने ते अर्धशतक करून दाखवले आहे. शिक्षणसंस्था चालवणाऱ्या अनेक घराण्यांचे कारखान्यांशीही नाते असल्यामुळे ही रीत त्यांना परकीही नाही.

याहून गंभीर आक्षेप दुसराच आहे. आपलेच लोक आपले परीक्षक झाले तर 'तू माझी पाठ खाजव, मी तुझी खाजवतो' असे होणार नाही का? होते, आणि त्याचे भयंकर उदाहरण अमेरिकेत आहे. तिथल्या खासगी करिअर कॉलेजांना अधिस्वीकृती देणाऱ्या एसीआयसीएस या संस्थेच्या कारभारात त्याच कॉलेजांचे अधिकारी बसत. कॉरिंथियन कॉलेजेस ही प्रचंड साखळी नोकरीचे खोटे आकडे दाखवत असल्याच्या चौकशा चालू असताना तिची अधिस्वीकृती कायम राहिली. चौकशीखालच्या अनेक कॉलेजांना तर या संस्थेने सन्मानयादीत बसवले होते. एप्रिल २०१५ मध्ये कॉरिंथियन कोसळली, हजारो विद्यार्थी कर्जासह रस्त्यावर आले आणि पुढच्या वर्षी अमेरिकी शिक्षण खात्याने एसीआयसीएसची मान्यता काढली. नंतर ती परत मिळाली आणि २०२२ मध्ये पुन्हा गेली. म्हणजे समव्यावसायिकांचा निवाडा आपोआप शुद्ध नसतो. तो शुद्ध ठेवायला दोन कुंपणे लागतात. एक, मोजलेला प्रत्येक आकडा जाहीर हवा, म्हणजे बाहेरच्या कोणालाही तो पडताळता येईल. दुसरे कुंपण जागतिक कौशल्य स्पर्धेत पाहायला मिळते. तिथे वेगवेगळ्या देशांचे तज्ज्ञ एकत्र बसून गुण देतात. पण आपल्या देशाच्या स्पर्धकाला आपण गुण द्यायचे नाहीत, हा नियम. २०२४ च्या ल्योन स्पर्धेत भारताला चार कांस्यपदके मिळाली, त्यांत केक-पेस्ट्री आणि हॉटेल रिसेप्शन हेही विषय होते. ज्या विषयांकडे आपण 'कोर्स' म्हणून नाक मुरडतो, त्यांत जगाच्या ओट्यावर उभे राहून काम करून दाखवावे लागते. पॅकेजचा आकडा तिथे चालत नाही.

'आम्ही खासगी आहोत, आमच्यावर ही सक्ती कशाला?' हा तिसरा आक्षेप मला सर्वांत दुबळा वाटतो. ज्या भूखंडांवर या इमारती उभ्या आहेत ती ९५ गावांची संपादित जमीन आहे. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. ती जमीन सिडकोने शैक्षणिक वापरासाठी सवलतीच्या दराने दिली. फीचा मोठा हिस्साही शासन भरते. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची संपूर्ण शुल्कमाफी आहे. जमीन लोकांची, पैसा लोकांचा, तेव्हा हिशेबही लोकांपुढे यायला हवा. शिवाय दिवस बदलत आहेत. जून २०२५ मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना नवी मुंबईत येण्यासाठी इरादापत्रे मिळाली आणि विमानतळाशेजारी सिडकोची एज्युसिटी आखली जात आहे. त्यांच्यासमोर इथली महाविद्यालये आपापले फलक घेऊन एकेकटी उभी राहिली, तर कोणाचाच फलक वाचला जाणार नाही.

या सगळ्यात शिक्षक कुठे आहे? कंत्राटावर किंवा तासिका तत्त्वावर काम करणारा, पगार दोन-तीन महिने थकला तरी सेमिस्टर पुरे करणारा विनाअनुदानित कॉलेजातला प्राध्यापक कोणत्याही गौरवाच्या यादीत नसतो. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारात उच्च शिक्षण आणि कौशल्य शिक्षणातल्या शिक्षकांना जागा मिळाली तीही २०२३ मध्ये, आणि तेव्हाही देशभरात मिळून २५ जणांना. राज्यपालांच्या पुढाकाराने २००६ मध्ये सुरू झालेली 'आविष्कार' ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा विद्यार्थ्यांना व्यासपीठ देते. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या प्रयोगशाळा सहायकाला नाही. वर्कशॉपमधल्या लेथवर वीस वर्षे मुलांचे हात घडवणाऱ्या इन्स्ट्रक्टरचा सत्कार पलीकडच्या कॉलेजच्या यंत्र विभागाने केला, तर त्याचे मोल त्याला आणि मुलांनाही कळेल. बिरादरी ही अशाच ओळखीतून बनते. वर्षातून एकदा रोटरीच्या सभागृहात जेवून बनत नाही.

करायचे ठरवले तर हे अवघड नाही आणि खर्चिक तर मुळीच नाही. वाशी ते पनवेल पट्ट्यातल्या महाविद्यालयांनी एकाच नमुन्याचा एक तक्ता एकत्र प्रसिद्ध करावा: किती मुले दाखल झाली, किती वेळेत उत्तीर्ण झाली, किती जणांना शिकलेल्याच क्षेत्रात काम मिळाले आणि मधला पगार किती. सर्वांत मोठ्या पॅकेजचा आकडा त्यात नसावा, कारण तो एका मुलाचा असतो. शिक्षकांचे पगार वेळेवर झाले की नाही, हाही एक रकाना असावा. स्वायत्त झालेल्यांनी परस्परांचे परीक्षक बोलवावेत आणि प्रत्येक परीक्षकाकडून विभागाबद्दल एक पानी लेखी शेरा घेऊन तो आपल्या सूचनाफलकावर लावावा. रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यांतले अनुभवी अभियंते त्यात तिसरा पक्ष म्हणून बसू शकतात. सहा महाविद्यालये तयार झाली तरी सुरुवात होते. आणि येत्या प्रवेशाच्या हंगामात मुलाला घेऊन माहितीपत्रक मागायला जाणाऱ्या पालकांना विनंती एवढीच की ट्रॉफीच्या कपाटापुढे थांबू नका. तुमच्या विभागाबद्दल शेजारच्या कॉलेजचा परीक्षक काय लिहून गेला ते दाखवा, असे काउंटरवर सांगा.